न झिजणारा धातू मातीत कसा?

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या गाडीच्या पोटाखालून खुळखुळ ऐकू यायला लागली. मेकॅनिकने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाच्या धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा, उतरवून उपडा केला, तर मधाच्या पोळ्यासारखे करडे तुकडे आणि चिमूटभर भुकटी पडली. "हे कायले ठेवता भाऊ? काढून टाकू, गाडी मस्त पळन," म्हणत त्याने भुकटी फुंकून उडवली. त्या भुकटीत प्लॅटिनम होतं, या डब्यातला उत्प्रेरक!

उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, हे आपण शाळेत घोकलंय. मग रस्त्याकडेच्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम येतात कुठून?

ते पोळं सिरॅमिकचं असतं, एका चौरस इंचात साधारण 400 भोकं. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) लेप. हा लेप इतका सच्छिद्र की एका ग्रॅमचा पृष्ठभाग 100 चौरस मीटरच्याही वर जातो, म्हणजे टू बीएचके फ्लॅटपेक्षा जास्त. त्यावर धातूचे काही नॅनोमीटरचे कण शिंपडलेले. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू येऊन चिकटतो, शेजारी ऑक्सिजनचा रेणू फुटून सुटे अणू होतात, दोघं जुळून कार्बन डायऑक्साइड उडून जातो. जागा पुन्हा रिकामी. नायट्रोजन ऑक्साइड फोडायचं काम ऱ्होडियमचं. (शिसं या जागा अडवून बसतं. म्हणून 1995 मध्ये चार महानगरांत हे डबे आले ते शिसेविरहित पेट्रोलसोबतच.) रासायनिक हिशेबात धातू जसाच्या तसा.

झिजतो तो लेप. आत शेकडो अंशांची उष्णता, मग गाडी बंद, पुन्हा तापणं, वर आपले खड्डे. लेपाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्या पाठीवर बसून प्लॅटिनम बाहेर पडतं. एका गाडीमागे, एका किलोमीटरला मोजायचं तर नॅनोग्रॅममध्ये. पण गाड्या किती!

निसर्गतः मातीत प्लॅटिनम टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम. युरोपातल्या वर्दळीच्या रस्त्यांच्या धुळीत ते 100 मिलिग्रॅम आणि त्याहून जास्तही सापडलंय. लगेच झाडू उचलू नका. टनामागे 100 मिलिग्रॅम धरलं तरी 10 ग्रॅमच्या तोळ्यासाठी 100 टन धूळ लागेल. इतवारीच्या सराफ्यातला कचरा धुणाऱ्या झारेकऱ्यालाही हा धंदा परवडायचा नाही. आणि 'रस्त्यावर चुंबक फिरवा, प्लॅटिनम मिळवा' हा व्हॉट्सॲपवरचा चमत्कार तर शुद्ध थाप. चुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा चुरा.

धातुरूपातलं प्लॅटिनम तसं निरुपद्रवी. त्याच्या क्लोराइड क्षारांनी मात्र शुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांना दमा होतो. तिघांत पॅलेडियम जास्त विरघळतं, म्हणून पिकांत शिरायची भीती त्याचीच अधिक.

ही धूळ एरवी मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरमध्येच अडकते. नागपूरच्या पश्चिमेची काळी माती निराळी. तिच्यातली स्मेक्टाइट चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तडकते. वरचा भुगा भेगांत पडतो, पावसाळ्यात भेगा मिटतात, माती स्वतःच स्वतःला घुसळते. अशा मातीत वरचा थर खरवडून प्लॅटिनम मोजलं तर हिशेब कमीच भरणार, असं मला वाटतं. मे महिन्यात अमरावती रोडच्या कडेला एका भेगेत बाभळीची काडी सोडून पाहिली. हातभर आत गेली, तरी तळ लागला नाही.