बर्नआउट, परिचर्येतील

रुग्णसेवेचा ताण साचत गेल्याने परिचारिका व परिचारक यांना येणारी मानसिक गळाठ्याची अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत तिची नोंद व्यवसायाशी निगडित घटना अशी आहे, रोग म्हणून नाही. नैराश्य आयुष्याची सर्वच अंगे व्यापते. बर्नआउटची अवस्था मात्र किमान आरंभी तरी कामापुरती असते.

संज्ञेचे जनकत्व सामान्यतः हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या १९७४ च्या लेखाकडे जाते. तथापि १९६९ मध्ये ब्रॅडली यांच्या लेखनात ती आढळते, त्यामुळे फ्रॉइडेनबर्गर यांना प्रसारक म्हणणे अधिक योग्य. परिचर्येपुरते पाहता इझाबेल मेंझिस यांचा लंडनमधील रुग्णालयाचा अभ्यास (१९६०) जास्त मूलगामी ठरतो, जरी त्यात ही संज्ञा नाही. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी ‘१० नंबरच्या खाटेवरचे यकृत’ असा करणे, एकाच रुग्णाची कामे अनेकींत वाटून टाकणे, या रीती मृत्यू व वेदना यांच्या धास्तीपासून बचावासाठी रुजतात. पण धास्ती त्यामुळे शमत नाही, असे त्यांनी दाखवले. रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहण्याच्या ज्या वृत्तीला पुढे अलिप्तता म्हटले गेले, तिची मुळे अशी व्यक्तीच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेत सापडतात.

मापनासाठी मास्लॅक व जॅक्सन यांची २२ विधानांची प्रश्नावली (१९८१) रूढ आहे: भावनिक थकवा ९, अलिप्तता ५, कार्यसिद्धीची भावना ८. शेवटच्या घटकात कमी गुण म्हणजे बर्नआउट अधिक. तिन्हींची सरसकट बेरीज करणे ही नेहमीची चूक होय.

लिंडा एकन व सहकाऱ्यांच्या पेनसिल्व्हेनियातील अभ्यासात (२००२) दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता सु. २३ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सु. ७ टक्के अधिक आढळली. हा सहसंबंध आहे. कार्यकारणभाव त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रतिबंधासाठी पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकता ठेवणे बरे. उलट क्रमात, आठ तासांच्या पाळ्यांत दुपारपाळी रात्री ११ वाजता संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला हजर व्हायचे, तर मध्ये ८ तासच उरतात. प्रवास व जेवण वगळता झोपेला जेमतेम ५-६. सकाळपाळीवरून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपाळीवर जाताना मात्र २४ तास मिळतात. धक्कादायक मृत्यूनंतर सर्वांना एकदाच बसवून सक्तीने बोलते करण्याची पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती. ती निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही आढळल्याने आता शिफारशीतून वगळली जाते.