स्टँडबाय डेटाबेस: हाताने नेलेल्या लॉगपासून भूमिकेच्या अदलाबदलीपर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या सहकारी बँकांत आता कोअर बँकिंग रुळलं आहे, आणि तपासणीच्या वेळी एक प्रश्न ठरलेला असतो: शेवटची डीआर ड्रिल (आपत्तीत दुसऱ्या केंद्रावरून काम चालवण्याचा सराव) कधी केली? उत्तरादाखल फाइलमधला एक कागद पुढे येतो. त्यावर ‘स्टँडबाय चालू आहे’ एवढंच असेल तर हाती काहीच लागत नाही. स्टँडबाय, म्हणजे डेटाबेसची राखीव प्रत, चालू असणं वेगळं, आणि वेळ आल्यावर तिने प्रायमरीची, म्हणजे रोजचं काम चालवणाऱ्या मुख्य डेटाबेसची, जागा घेणं वेगळं. या दोहोंतलं अंतर डेटाबेस बनवणाऱ्यांनाही टप्प्याटप्प्यानेच कापता आलं.

या सगळ्याचं मूळ लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या क्रमवार नोंदीत, आहे. रावेरच्या केळी व्यापाऱ्याने पैसे पाठवले की तो बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, डेटा फाइलमध्ये सवडीने. लॉग डिस्कवर पक्का झाला की मगच ‘व्यवहार पूर्ण’ असा निरोप मिळतो. त्यामुळे मधेच वीज गेली तरी डेटाबेस पुन्हा उठताना लॉग वाचतो, राहिलेले बदल लावतो आणि अर्धवट व्यवहार मागे घेतो. आयबीएममधले सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही पद्धत ‘एरीज’ या नावाने नीट मांडली. मोहन आयआयटी मद्रासचे. आज चालणाऱ्या कितीतरी डेटाबेसवर त्या मांडणीची छाप आहे.

हाच लॉग दुसऱ्या गावातल्या यंत्रावर नेऊन तिथल्या प्रतीवर लावत राहिलं तर? स्टँडबायची कल्पना एवढीच आहे. ती अशी डेटाबेस आहे, जिची रिकव्हरी मुद्दाम संपू दिली जात नाही.

ओरॅकल या डेटाबेसमध्ये ही सोय १९९६ च्या सुमारास ७.३ आवृत्तीत आली, तेव्हा सगळं काम हाताने होई. प्रायमरीवर एक लॉग भरला की त्याची अर्काइव्ह फाइल बने. ती स्क्रिप्ट लिहून पलीकडे पाठवायची आणि तिथे रिकव्हरीची आज्ञा द्यायची. फाइलींना ओळीने क्रमांक असतात. ४७११ लागली, ४७१३ पोचली, पण ४७१२ वाटेत अडकली, तर स्टँडबाय तिथेच थांबते. पुढच्या पन्नास फाइली येऊन पडल्या तरी एकही लागत नाही. ज्यांनी भारनियमन पाहिलंय आणि रस्ता रुंदीकरणात केबल तुटताना पाहिलीय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. १९९९ च्या ८आय आवृत्तीत लॉग आपोआप जाऊन लागू लागले. त्यानंतर हरवलेला क्रमांक ओळखून तो मागवून घेणंही डेटाबेसच्याच अंगावर पडलं.

खरा बदल २००१ मध्ये ९आय ने केला. डेटा गार्ड हे नाव तेव्हा रुळलं आणि त्यासोबत स्विचओव्हर आलं. तोवर स्टँडबायला एकदा प्रायमरी केलं की परतीची वाट नसे. जुनी प्रायमरी टाकून तिची प्रत नव्याने घडवावी लागे. साहजिकच सरावासाठी कोणी हात लावायला धजत नसे. स्विचओव्हरमध्ये प्रायमरी नवे व्यवहार थांबवते आणि शेवटचा रेडो (लॉगमधल्या बदलांच्या नोंदी) ‘इथे संपलं’ अशा खुणेसह पाठवते. स्टँडबाय तो लावते, मग दोघींच्या भूमिका बदलतात. एकही व्यवहार हरवत नाही आणि संध्याकाळी परत फिरता येतं. प्रायमरीच गेली असेल तर मात्र फेलओव्हर, म्हणजे स्टँडबायलाच थेट प्रायमरी करणं, आणि तिथे न पोचलेला रेडो गमावण्याची तयारी लागते.

किती गमवायचं, हेही ९आय च्या काळातच निवडता येऊ लागलं. स्टँडबायची पोच आल्याशिवाय व्यवहार पूर्ण मानायचा नाही, असं ठरवता येतं. मात्र याची किंमत अंतराने ठरते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन जेमतेम एक मिलिसेकंद, आणि तेवढं काउंटरवर कोणाला जाणवत नाही. पण दोन्ही शहरं तापीच्या खोऱ्यातलीच, मे महिन्याचं ऊनही दोघांना सारखंच. जवळची स्टँडबाय वेगवान असते, पण एकाच संकटात दोघी सापडू शकतात. माझ्या मते जवळ एक, पोच देणारी, आणि दूर एक, थोडी मागे राहिली तरी चालेल अशी, ही जोडी बरी. परवडत नसेल तर दूरची आधी.

पुढची भर पटापट पडत गेली. १०जी मध्ये फ्लॅशबॅक आलं, म्हणजे फेलओव्हरनंतरही जुनी प्रायमरी मागच्या क्षणाला नेऊन स्टँडबाय म्हणून परत घेता आली. २००७ च्या ११जी मध्ये लॉग लागत असतानाच स्टँडबायवर अहवाल काढता येऊ लागले. लहान पतसंस्थेसाठी महत्त्वाचं वर्ष मात्र २०१०. मोफत मिळणाऱ्या पोस्टग्रेसच्या ९.० आवृत्तीत स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (लॉग फाइल भरण्याची वाट न पाहता सतत पाठवत राहणं) आणि वाचता येणारी स्टँडबाय दोन्ही आल्या, आणि परवान्याचा खर्च ही सबब राहिली नाही.

यंत्रणा सुधारली तरी ‘आत्ता प्रायमरी कोण?’ हा प्रश्न सुटला असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेत मागे पडलेली दुय्यम प्रत नव्याने भरायची होती. तिची फोल्डर पुसण्याची आज्ञा प्रायमरीवर चालली. सुमारे ३०० जीबी गेला आणि जवळपास सहा तासांचा डेटा परत आला नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या तशाच सेवेचं नेटवर्क अवघे ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर नवी प्रायमरी नेमली, पण जुन्या प्रायमरीवरचे काही सेकंदांचे बदल तिथे पोचलेच नव्हते. दोन्हीकडे वेगवेगळे व्यवहार झाले आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

आपल्याकडचं उदाहरण २४ फेब्रुवारी २०२१ चं. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले ते पावणेचारला सुरू झाले. दुसरं केंद्र असूनही कामकाज तिकडे नेलं गेलं नाही. महिन्याभरात सेबीने वेळ बांधून दिली: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची, तिथून ४५ मिनिटांत कामकाज उभं करायचं. मला यात पहिला आकडा मोलाचा वाटतो. तंत्र तयार असतं, पण ‘आता हलवू या’ म्हणायला कोणी पुढे येत नाही, आणि वेळ त्यातच जातो. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजाराने खास सत्र घेतलं: पहिला भाग मुख्य केंद्रावरून, दुसरा डीआर केंद्रावरून, खऱ्या सौद्यांसह.

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट आणली, त्यामुळे लहान बँकेवर एकदम मोठ्या बँकेइतका भार पडत नाही. दुसरा आणि चौथा शनिवार तर २०१५ पासून बँकांना सुटीच असते. चौथ्या शनिवारी स्विचओव्हर करावं, डेटाबेसला तिची भूमिका विचारून उत्तर नोंदवावं, आणि सोमवारी सगळ्या शाखा डीआरवरूनच उघडाव्यात. परत फिरायचं ते पुढच्या सुटीच्या शनिवारी. हलवण्याचा निर्णय कोण घेणार आणि ते नसतील तर कोण, ही दोन नावं त्याआधी संचालक मंडळाच्या ठरावात आलेली असावीत.