रेगेन्सबुर्ग पायी, जर्मनमधून
मराठी विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

आम्ही दोघं पूर्वी पुण्यात जर्मन शिकवायचो. आता बवेरियातल्या रेगेन्सबुर्गला राहतो आणि जर्मन शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना हे गाव पायी दाखवतो. जुन्या गावाला २००६ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, पण आमच्या लेखी ते वर्गाबाहेरचं पाठ्यपुस्तक आहे. तीन तास आम्ही सोप्या जर्मनमधून बोलतो आणि अडलं तरच मराठीत येतो.

सुरुवात पोर्टा प्रेटोरियापाशी होते. इसवी सन १७९ मध्ये रोमन सैन्याने इथे छावणी उभारली, तिच्या दरवाजाचे दगड आजही भिंतीत दिसतात. छावणीचं नाव ‘कास्ट्रा रेगिना’. लॅटिन येणारे लगेच ‘राणीची छावणी’ म्हणतात, पण हे नाव रेगेन नदीवरून पडलंय. जर्मनमध्ये पाऊसही ‘डेर रेगेन’ आणि ही नदीही ‘डेर रेगेन’, म्हणजे ‘तो’. ही नदी ज्या डॅन्यूबला मिळते ती मात्र ‘डी डोनाउ’, म्हणजे ‘ती’. गंगा ‘ती’ आणि ब्रह्मपुत्र ‘तो’ म्हणणाऱ्यांना हे फार जड जाऊ नये.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही दगडी पुलावर थांबतो. ११३५ मध्ये बांधायला घेतला, ११४६ मध्ये पुरा झाला, लांबी तीनशे मीटरच्या वर. त्याची एक दंतकथा आहे. पूल बांधणारा आणि कॅथीड्रल बांधणारा यांची पैज लागली. पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली आणि बदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव देऊ केले. पूल झाला तेव्हा त्याने कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुढे सोडला. (आजच्या कॅथीड्रलचं काम १२७३ च्या आगीनंतर सुरू झालं, म्हणजे पुलानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तेव्हा पैज खरी धरू नका.) ही गोष्ट प्रत्येकाने भूतकाळात सांगायची, तीही पुलाच्या मधोमध उभं राहून.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी ‘डेर, डी, डास’मध्ये इतकी अडकली की तिचा कोंबडा पुलावर पाऊलच टाकेना. आम्ही तिला म्हटलं, आधी मराठीत म्हण. तो कोंबडा, ती कोंबडी, ते कोंबडं. मग जर्मन: डेर हान, डी हेने, डास हून. तिन्ही लिंगं जशीच्या तशी! तिने वही काढली, कठड्यावर टेकवून लिहून घेतलं आणि पुढची गोष्ट न थांबता सांगितली. हे नेहमीच जुळतं असं नाही. पूल आपल्याकडे ‘तो’, तिथे ‘डी ब्र्युके’. पण तीन लिंगांची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, तिचा उपयोग करा, असं आम्ही कळकळीने सांगतो.

तो कोंबडा पुढे गल्लीच्या पाटीवरही भेटतो: ‘रोटे-हानेन-गासे’, म्हणजे लाल कोंबड्याची गल्ली. ‘त्या गल्लीत’ म्हणायचं झालं की ‘इन डेर रोटेन-हानेन-गासे’. विशेषणाचा प्रत्यय पाटीवर वाचला की तक्त्यापेक्षा चांगला लक्षात राहतो.

जुन्या टाउन हॉलपाशी एक वाक्प्रचार शिकवतो. १६६३ पासून १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची कायमची सभा इथे भरायची. एखादं काम लांबणीवर टाकणं याला जर्मनमध्ये ‘लांब बाकावर सरकवणं’ म्हणतात: आउफ डी लांगे बांक शीबेन. हा वाक्प्रचार याच सभेतला, असं गावात सांगतात. भाषेचे अभ्यासक मात्र त्याचा संबंध जुन्या न्यायालयांत कागद ठेवायच्या बाकासारख्या पेट्यांशी लावतात. आपण ‘बासनात गुंडाळणं’ म्हणतो, तेही दप्तरातलंच. आतलं सभागृह फक्त मार्गदर्शकासोबत पाहता येतं. त्याचं तिकीट वेगळं आणि ते आमच्या फेरीत नाही.

शेवटी बेकरी. पुस्तकातला ‘ब्र्योटषेन’, म्हणजे छोटा पाव, इथे ‘झेमेल’ होतो आणि नमस्काराच्या ‘गुटेन टाग’च्या जागी ‘ग्र्यूस गॉट’ ऐकू येतं. प्रत्येकाने आपली झेमेल स्वतः मागायची. समोरचा इंग्रजीत वळला तर शांतपणे म्हणा: ‘इष लेर्ने डॉइच, बिटे लांगझाम’ (मी जर्मन शिकतेय/शिकतोय, कृपया सावकाश). पुलाजवळच्या जुन्या सॉसेजच्या खानावळीत थांबायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिथली सॉसेजेस डुकराच्या मांसाची असतात, हे आधीच सांगून ठेवतो.

येण्यापूर्वी
एका गटात आठच जण घेतो, म्हणजे प्रत्येकाला बोलायला मिळतं. जर्मनची ए२ (ए१ नंतरची, दुसरी) पातळी पुरे. ए१ वाल्यांनी आधी कळवावं, त्यांच्यासाठी फेरी आणखी संथ ठेवतो. म्युनिकहून रेल्वेने साधारण दीड तास लागतो. मिळून येत असाल तर बायर्न-तिकीट (बवेरियाचं एका दिवसाचं रेल्वे तिकीट) घ्या. ते पाच जणांपर्यंत चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच, आणि फक्त प्रादेशिक गाड्यांत. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत. छत्रीऐवजी रेनकोट आणा, म्हणजे वहीसाठी दोन्ही हात मोकळे राहतील.