अॅक्सिलेटर दिला की गाडी कुईं का करते?

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो, "टर्बोचा आवाज आहे भाऊ, तेवढा राहतोच." तीच गाडी गॅरेजवर नेली की ऐकायला मिळतं, "गियरबॉक्सनं काम निंघनं!" बऱ्याचदा दोघांनीही आवाज नीट ऐकलेलाच नसतो आणि मला राग येतो तो याचाच, कारण अॅक्सिलेटर दिल्यावर येणारा तो बारीक कुईंऽऽ आवाज आपला पत्ता स्वतःच सांगत असतो, आपण विचारलं पाहिजे फक्त.

आधी गाडी न्यूट्रलला उभी करून रेस करा. तेव्हाही आवाज चढत असेल तर तो इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे, म्हणजे बेल्ट, अल्टरनेटरचं बेरिंग नाहीतर पॉवर स्टिअरिंगचा पंप (पंप हायड्रॉलिक असेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की आवाज अजून वाढतो). न्यूट्रलला येतो पण क्लच दाबला की थांबतो, तर गियरबॉक्सच्या आतली बेरिंगं बघायची, आणि क्लच दाबल्यावरच सुरू होतो तर क्लचचं रिलीज बेरिंग. आवाज फक्त म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरमधून येत असेल तर तो वायरिंगचा, म्हणजे अर्थिंग ढिलं किंवा अल्टरनेटरचा डायोड गेलेला.

उभ्या गाडीत काहीच नाही, चालतानाच येतो, मग खरी मजा आहे. पारोळा-धुळे सारखा सरळ रस्ता बघून ६० चा स्पीड धरा आणि तोच स्पीड ठेवून गियर बदला. आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनच्या फेऱ्यांमागे जातोय, नाही बदलली तर चाकांमागे, म्हणजे डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारी गियरची पेटी) किंवा चाकाचं बेरिंग.

आता ही पट्टी येते कुठून? दातांच्या मोजणीतून. एका गियरचा दात दुसऱ्याला भिडतो तेव्हा एक बारीकसा धक्का बसतो, आणि सेकंदाला जितके दात भिडतील तितके हर्ट्झचा सूर निघतो. समजा इंजिन ३००० आरपीएमला आहे, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, आणि इंजिनच्याच फेऱ्यांनी फिरणाऱ्या शाफ्टवरच्या (दांड्यावरच्या) गियरला २३ दात आहेत, तर ५० गुणिले २३ म्हणजे ११५० हर्ट्झ. डिफरन्शियलच्या क्राऊनला (आतल्या मोठ्या गियरला) ४१ दात असतील आणि चाकाचा घेर साधारण २ मीटर, तर ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला ११ फेऱ्या मारतं, सूर निघतो ४५० हर्ट्झच्या आसपास. मोबाईलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात, एखाद्या आकड्यावर सुळका उभा राहिला की गाडी न खोलता कुठला गियर बोलतोय ते काढता येतं. मला तरी हे फार सुंदर वाटतं!

पण दात तर नव्या गाडीतही भिडतात, मग ती गप्प का? रिळाचा दोरा ताणून धरत सोडवत गेलं तर त्याचं टोक हवेत जी वक्ररेषा काढतं तिला इन्व्होल्यूट म्हणतात, आणि गियरच्या दातांना हा आकार द्यावा हे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं. या आकाराने एक गियर एकसारखा फिरला की दुसराही एकसारखाच फिरतो, मध्ये हिसका नाही. शिवाय दात तिरके कापलेले असतात, त्यामुळे एक दात सुटायच्या आत दुसरा हळूच आत आलेला असतो. रिव्हर्सचे दात बऱ्याच गाड्यांत सरळच असतात, म्हणून चांगली गाडीसुद्धा मागे घेताना कुईं करते.

तिरक्या दाताची किंमतही आहे. लोड आला की तो शाफ्टला बाजूला, त्याच्या लांबीच्या दिशेने ढकलतो, आणि हा रेटा बेरिंगनेच अडवायचा असतो. बेरिंग झिजलं की अॅक्सिलेटर दिल्याबरोबर शाफ्ट किंचित सरकतो, दात ठरल्या जागी भिडत नाहीत, काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चूक पण ती दर दाताला होते आणि बाहेर सूर होऊन येते. पाय उचलला की दाताची दुसरी बाजू लोड घेते आणि आवाज गप्प होतो किंवा बदलतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना कुईं आणि गियरमध्येच उतरताना शांत, असं झालं तर चाकाचं बेरिंग सहसा नाही, काम दातांचंच आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच पाच गियरच्या गाड्यांत चौथा गियर डायरेक्ट (आत येणारा शाफ्ट थेट बाहेर जाणाऱ्याला जोडलेला) असतो, त्यात लोड खालच्या शाफ्टवर जातच नाही, तेव्हा चौथ्याला आवाज मेला तर डिफरन्शियल खोलायची गरज नाही, दोष गियरबॉक्समध्ये.

नवीन गाडी आवाज करायला लागली की दृष्ट लागली म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणारे आहेत. लिंबाने मायक्रॉन भरून निघत नाहीत, आणि "आवाज बंद" लिहिलेल्या बाटलीने झिजलेलं बेरिंग परत गोल होत नाही. जुनी गाडी विकताना डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा, अगदी केळंसुद्धा घालून आवाज दाबतात असं सांगतात, तेव्हा आपल्या खानदेशच्या केळीच्या पट्ट्यात गाडी घेताना ऑइलचा प्लग उघडून बोट घालून बघा.

दुरुस्तीही तिथूनच सुरू होते. सपाट जागेवर गाडी उभी करून भरायचा प्लग काढला की बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत लागलं पाहिजे, कमी असेल तर सील कुठे गळतंय ते आधी शोधा. खालच्या प्लगला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असतो, त्यावर राखाडी मऊ लगदा दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा, चमकणारे पापुद्रे दिसले तर गाडी तशीच पळवू नका. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच टाका, कारण डिफरन्शियलला चालणारं जीएल-५ दर्जाचं ऑइल काही गियरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा (गियर न घासता पडावा म्हणून असतात त्या) खातं. बेरिंग बदलायची वेळ आली तर शिम (जागा भरायच्या पातळ चकत्या) आणि प्रीलोड (बेरिंगचा ठरलेला घट्टपणा) मोजून बसवणारा मिस्त्री शोधा, आणि क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन टाकायचं ठरलं तर जोडीनेच टाका, ते कारखान्यात एकमेकांवर घासूनच बसवलेले असतात, एकटा नवा पिनियन जुन्या क्राऊनवर पहिल्या दिवसापासून ओरडतो.