शालेय लैंगिकता शिक्षणाचे मूल्यमापन (सोलापूर जिल्हा)

शाळेतल्या लैंगिकता शिक्षणामुळे मुलामुलींची माहिती, दृष्टिकोन, कौशल्ये आणि वागणूक यांत फरक पडला का, आणि पडला असेल तर तो त्या शिक्षणामुळेच पडला का, हे तपासण्याची पद्धत.

पार्श्वभूमी. केंद्राने 2005 मध्ये आणलेला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम 2007 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी थांबवला. तेव्हापासून हा विषय जीवनकौशल्ये, आरोग्य, ‘चांगला-वाईट स्पर्श’ अशा वेगवेगळ्या नावांनी वर्गात येतो. त्यामुळे प्रत्यक्षात काय शिकवले गेले, याची नोंद आधी घ्यावी लागते. ठरलेल्या तासिकांपैकी किती झाल्या, कोणता भाग गाळला, मुलगे-मुली एकत्र बसले की वेगळे, हे निरीक्षकाने तासाला बसून टिपावे. गर्भनिरोधनाचा तास ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला असेल, तर त्याचा परिणाम मोजण्यात अर्थ नाही.

आराखडा. पूर्वचाचणी, शिक्षण संपताच उत्तरचाचणी आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, शिवाय शिक्षण न मिळालेल्या शाळांचा तुलनागट, एवढे किमान हवे. कोणाला शिक्षण द्यायचे आणि कोणाला तुलनागटात ठेवायचे, हे ठरवताना चिठ्ठ्या शाळांच्या टाकाव्यात. एकाच शाळेतल्या दोन तुकड्या वेगळ्या गटांत टाकल्या, तर मधल्या सुट्टीत सगळी माहिती इकडून तिकडे जाते. मात्र एका वर्गातली मुले एकमेकांसारखी उत्तरे देतात, म्हणून नमुना वाढवावा लागतो. वर्गात 40 मुले आणि वर्गांतर्गत साम्याचा गुणांक (एका वर्गातली उत्तरे किती सारखी असतात याचे माप) 0.02 धरला, तर वाढीचा गुणक 1 + 39 × 0.02 = 1.78 येतो. स्वतंत्र निवडीत 400 मुले पुरली असती, तिथे 712, म्हणजे सुमारे 18 वर्ग लागतात. हा हिशेब न केल्याने किरकोळ फरकही ‘लक्षणीय’ ठरवले जातात.

प्रश्नावली. ‘पाळीचे रक्त अशुद्ध असते’ या विधानाला बरोबर, चूक आणि ‘माहीत नाही’ असे तीन पर्याय द्यावेत. तिसरा पर्याय नसला की अंदाजाने मारलेली उत्तरे गुणांत जमा होतात. पण माहितीचे गुण बहुतेक कार्यक्रमांत वाढतात. त्यावर समाधान मानू नये. कौशल्यासाठी प्रसंग द्यावा: मैत्रिणीचे लग्न बोर्डाच्या परीक्षेआधी ठरले आहे, ती कोणाला काय सांगेल? उत्तरात विश्वासातली व्यक्ती, 1098 हा बालमदतीचा क्रमांक आणि तिने बोलायची वाक्ये आली का, यावर गुण द्यावेत. शहरात मराठीबरोबर तेलुगू व उर्दू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूर भागात कन्नड, असे भाषांतर लागते. ते त्याच वयाच्या मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊन तपासावे.

नावाऐवजी आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेतला दिवस आणि भावंडांतला क्रम यांपासून सांकेतिक क्रमांक बनवावा. त्याने तिन्ही चाचण्या जोडता येतात. वर्गशिक्षक खोलीत नकोत. ते समोर असले की मुले त्यांना आवडेल तेच लिहितात.

संमती व कायदा. पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची लेखी अनुमती, दोन्ही घ्याव्यात. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘काहीही सांगा, कुणाला कळणार नाही’ असे वचन देऊ नये. मर्यादा आधीच सांगावी आणि समुपदेशक हजर ठेवावा.

वेळापत्रक व गळती. दहावीवर परीक्षेचा ताण असतो, म्हणून आठवी-नववी निवडतात. जुलैत पूर्वचाचणी आणि ऑगस्टअखेर उत्तरचाचणी घेतली, तर तिसरी चाचणी फेब्रुवारीत येते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे हजेरी पातळ असते, तो महिना त्यामुळे टळतो. खरी अडचण गळतीची. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या कुटुंबांची ये-जा सुरू होते, काही मुली घरी विड्या वळायला बसतात, काहींची लग्ने होतात. राज्यात 20 ते 24 वयोगटातल्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न 18 च्या आत झाले होते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 सांगते. ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच मुली शेवटच्या चाचणीला नसतात. त्यांना वगळून काढलेली सरासरी फसवी असते. गळालेल्यांचे पूर्वचाचणीचे गुण वेगळे छापावेत आणि शक्य तिथे आशाताईंच्या मदतीने घरी गाठावे, मात्र विषयाची वाच्यता शेजारी होणार नाही अशा बेताने.

अपेक्षा किती ठेवावी. सर्वंकष लैंगिकता शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, या भीतीला संशोधनात आधार मिळत नाही. पण 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात), 55,157 मुलांवरचे आठ प्रयोगात्मक अभ्यास पाहूनही, केवळ वर्गातल्या शिक्षणाने एचआयव्ही, इतर लैंगिक संसर्ग वा किशोरवयीन गर्भधारणा घटल्याचे दिसले नाही. मुलींना शाळेत टिकवणाऱ्या आर्थिक मदतीने गर्भधारणा कमी होऊ शकते, असे मात्र दिसले. त्यामुळे सोलापुरात मुलींची दहावीपर्यंतची हजेरी आणि किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकमधल्या भेटी हे निकष गुणपत्रकाइतकेच महत्त्वाचे मानावेत.