ग्रेपनेट

ग्रेपनेट : भारतातून युरोपीय देशांना निर्यात होणाऱ्या ताज्या द्राक्षांचा बागेपासून बंदरापर्यंत माग ठेवणारी संगणकीय माहिती प्रणाली. केंद्र सरकारच्या कृषी व प्रक्रियाजन्य खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजे अपेडाने, ती २००६-०७ च्या हंगामात सुरू केली. ताज्या फळासाठी देशात अशी सोय प्रथमच उभी राहिली. बागायतदार, कृषी विभाग, प्रयोगशाळा, पॅकहाऊस (माल निवडून पेट्यांत भरण्याचे केंद्र), ॲगमार्क या सरकारी प्रतवारी चिन्हाचे अधिकारी, माल कीड-रोगमुक्त असल्याचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र देणारे अधिकारी आणि निर्यातदार या सगळ्यांची माहिती इथे एकाच ठिकाणी जमा होते. मात्र ज्याचा रकाना त्यानेच भरायचा, आणि आधीचा रकाना भरल्याशिवाय पुढचा उघडत नाही. ग्रेपनेटची सगळी ताकद या एका अटीत आहे. पेटी कुठे पोहोचली हे सांगणे हे तिचे मुख्य काम नव्हे. ही पेटी पुढे जाऊ द्यायची की नाही, हे ती ठरवते.

पार्श्वभूमी : नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, सांगलीतील तासगाव व मिरज, शिवाय सोलापूर आणि पुण्यातील नारायणगावचा पट्टा हे निर्यातक्षम द्राक्षांचे प्रदेश. दक्षिण आफ्रिका व चिलीचा माल ओसरत असतो आणि इजिप्तची द्राक्षे यायची असतात, त्या मधल्या काळात भारतीय द्राक्षांना युरोपात जागा मिळते. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्सने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून ही वाट रुळवली. ही बाजारपेठ भावाला चांगली, पण तपासणीला कडक.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि युरोपच्या अन्नसुरक्षा सूचना यंत्रणेतून इशारे निघाले. ज्या पेट्यांत दोष सापडला त्या कोणाच्या बागेतल्या, हे त्या वेळी खात्रीने सांगता येत नव्हते. त्यामुळे काही पेट्यांमुळे सगळ्याच भारतीय मालाकडे संशयाने पाहिले गेले. त्यानंतर अवशेष नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली आणि बागांची नोंदणी व नमुना तपासणी सक्तीची झाली. पण हा कारभार कागदावरचा होता. नोंदणी जिल्ह्याच्या कार्यालयात, अहवाल प्रयोगशाळेत, तर प्रमाणपत्र तिसरीकडे. एका प्लॉटच्या चांगल्या अहवालाची झेरॉक्स दुसऱ्या प्लॉटच्या मालाला जोडली, तर ते पकडायला टेबलापलीकडच्या माणसाच्या नजरेशिवाय काही नव्हते. त्यात १ जानेवारी २००५ पासून युरोपीय संघात अन्नपदार्थांचा माग ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. ग्रेपनेट या दोन्ही गरजांतून आले.

कामकाज : सुरुवात नोंदणीपासून होते. बागायतदार सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन तालुका कृषी कार्यालयात अर्ज करतो, कृषी विभागाचा माणूस बाग पाहून जातो आणि प्लॉटला नोंदणी क्रमांक मिळतो. क्रमांक शेतकऱ्याला नसून प्लॉटला असतो, हे इथे फार महत्त्वाचे. एकाच शेतकऱ्याच्या तीन बागांची फळछाटणी वेगवेगळ्या तारखांना झालेली असते. फवारण्याही वेगळ्या आणि काढणीही वेगळी. शेतकऱ्याला एकच क्रमांक दिला असता, तर एका बागेतला दोष तिन्ही बागांना चिकटला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिन्हींत लपला असता. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने जातात. या काळात भुरी, केवडा, फुलकिडे यांच्यासाठी काय फवारले, किती आणि कधी, याची नोंद बागायतदाराने ठेवायची असते. कोणती औषधे चालतात आणि काढणीच्या किती दिवस आधी त्यांचा वापर थांबवायचा, याची यादी द्राक्ष संशोधन केंद्र प्रसिद्ध करते. या थांबण्याच्या दिवसांना पीएचआय म्हणतात. ‘पीएचआय किती?’ हा प्रश्न नाशिक-सांगलीच्या कृषी सेवा केंद्रांत ऐकू येतो, तो या यादीमुळे.

काढणी जवळ आली की नमुना घेतात. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येतो. बागायतदाराने तोडून आणलेले घड चालत नाहीत. तो कडेच्या आणि मधल्या ओळींतून फिरत, वेलीच्या वरच्या-खालच्या बाजूचे घड घेतो, पिशवी सीलबंद करतो आणि प्लॉट क्रमांकाशी जोडतो. तपासणीत एकेका कीडनाशकाचे प्रमाण मोजले जाते. ज्या रसायनासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे दहा कोटीत एक भाग. शेजारच्या बागेतून वाऱ्याने उडून आलेला फवाराही इतक्या सूक्ष्म मोजणीत दिसू शकतो.

अहवाल प्रयोगशाळा थेट प्रणालीत भरते. सगळे अवशेष मर्यादेत असतील तर प्लॉट मोकळा. एकही मर्यादेबाहेर असेल तर अंतर्गत इशारा निघतो आणि तो क्रमांक युरोपसाठी बंद होतो. मग त्या बागेच्या मालासाठी निर्यातदाराने कितीही धावपळ केली, तरी पॅकहाऊसला पुढची नोंद करता येत नाही. ठरावीक काळानंतर पुन्हा नमुना देता येतो. तो पास झाला तर क्रमांक खुला होतो. राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या सगळ्या प्रयोगशाळांवर देखरेख ठेवते.

पॅकहाऊसमध्ये माग तुटण्याचा धोका सर्वांत जास्त, कारण तिथे अनेक बागांचा माल एकाच छताखाली येतो. क्रेटवरच्या चिठ्ठीत प्लॉट क्रमांक असतो. टेबलांवर बायका कात्रीने लहान व डागी मणी काढून घड पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत, भरतात. शिस्तीच्या पॅकहाऊसमध्ये एका प्लॉटचा माल संपून टेबल रिकामे झाल्याशिवाय दुसऱ्याचे क्रेट उघडत नाहीत. भर हंगामात, रात्री उशिरा, बाहेर टेम्पो उभे असताना ही शिस्त पाळणे सोपे नाही. पुढे प्री-कूलिंग, बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड, पेटीवर क्रमांकाचे लेबल आणि पॅलेटवर बारकोड. पॅक झालेले वजन प्रणालीत भरले की ते त्या प्लॉटच्या अपेक्षित उत्पन्नातून वजा होते. बँकेच्या पासबुकासारखेच हे. शिल्लक संपली की त्या क्रमांकावर आणखी पेटी निघत नाही. पास झालेल्या एका प्लॉटच्या नावावर पंचक्रोशीचा माल खपवायची वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली.

त्यानंतर ॲगमार्कची प्रतवारी तपासणी आणि तिच्या आधारे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. दोन्हीकडचे अधिकारी प्रयोगशाळेचा अहवाल आणि वजनाची शिल्लक पडद्यावर पाहतात. निर्यातदाराने आणलेल्या कागदावर अवलंबून राहत नाहीत. मग कंटेनर न्हावा शेवाला रवाना होतो. रॉटरडॅममध्ये एखाद्या पेटीवर तक्रार आली, तर लेबलवरून पॅलेट, पॅकहाऊस, नमुना आणि गटातली ती बाग, इतका उलटा प्रवास भारतात बसून करता येतो.

२०१० चा हंगाम : या प्रणालीचा खरा कस २०१० मध्ये लागला, आणि त्यात ती कमी पडली. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले. हे कीडनाशक नव्हे, वाढनियंत्रक. एप्रिल छाटणीनंतर शेंडा आवरून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून बागायतदार ते वर्षानुवर्षे वापरत होते. ‘लिहोसिन’ हे त्याचे ओळखीचे नाव. द्राक्षांसाठी युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. वेलीत मुरलेले रसायन पुढच्या हंगामाच्या फळात उतरले. कंटेनर अडकले, माल परत पाठवण्याची आणि नष्ट करण्याची वेळ आली, निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले आणि बागायतदारांचे पैसे थकले.

त्या पेट्यांची ग्रेपनेटमधली नोंद चोख होती. प्लॉट क्रमांक बरोबर, अहवाल बरोबर, वजन बरोबर. फक्त तपासायच्या रसायनांच्या यादीत क्लोरमेक्वाटचे नाव नव्हते, म्हणून प्रयोगशाळांनी ते शोधले नाही आणि संगणकाने सगळ्या प्लॉटना हिरवा कंदील दिला. माहिती प्रणालीतल्या बिघाडाची चर्चा बहुधा सर्व्हर, पासवर्ड आणि चुकीच्या नोंदी यांच्याभोवती फिरते. इथे यंत्र ठणठणीत होते. त्याला विचारायचा प्रश्नच राहून गेला होता. त्यानंतर हे रसायन तपासणीच्या यादीत आले आणि यादीचा दर हंगामात आढावा घेण्याला वजन प्राप्त झाले. कोणत्या बागांचा माल अडकला हे लगेच कळले, तेवढा फायदा ग्रेपनेटने त्या वर्षीही दिला.

मर्यादा : वजनाची शिल्लक ही अपेक्षित उत्पन्नावर चालते. अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने बाग निम्मी गेली आणि कोणी ते कळवले नाही, तर प्रणालीत शिल्लक पूर्वीचीच दिसत राहते आणि तेवढ्या जागेत दुसऱ्याचा माल बसवायची संधी उरते. हे पकडायला शेवटी बागेत जाणारा माणूसच लागतो. फवारणीची वहीदेखील शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणावर आणि सवयीवर अवलंबून. अनेकदा ती तपासणीच्या आदल्या संध्याकाळी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिली जाते.

शिवाय ग्रेपनेट फक्त सरकारी मर्यादा पाहते. युरोपातील काही सुपरमार्केट साखळ्या त्यापुढे जातात : अवशेष कायदेशीर मर्यादेच्या एकतृतीयांशाच्या आत हवेत, आणि आढळणाऱ्या रसायनांची संख्याही ठरावीकच हवी. त्यामुळे ग्रेपनेटमध्ये पास झालेला प्लॉट एका ग्राहकाला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही. कोणत्या प्लॉटचा माल कोणाला पाठवायचा, हा हिशेब निर्यातदार स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा साध्या एक्सेलमध्ये ठेवतो. समुद्रातला प्रवासही या प्रणालीबाहेरचा. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली, तेव्हा लांबलेल्या दिवसांत मालाचे तापमान कसे राहिले हे सांगायला कंटेनरमधले डेटा लॉगर होते. ग्रेपनेटकडे त्याचा रकाना नाही. बांगलादेश आणि आखाती देशांकडे जाणाऱ्या द्राक्षांना, तसेच देशांतर्गत बाजारात विकल्या जाणाऱ्या द्राक्षांना हा सगळा खटाटोप लागू नाही. तिथल्या ग्राहकाला आपण खातो ते फळ कोणत्या बागेतले, हे कळायची सोय नाही, आणि ही त्रुटी तांत्रिक नाही.

विस्तार : ग्रेपनेटच्या धर्तीवर अपेडाने सेंद्रिय शेतमालासाठी ट्रेसनेट, शेंगदाण्यासाठी पीनटनेट, डाळिंबासाठी अनारनेट अशा प्रणाली आणल्या. पुढे फळे व भाज्यांच्या नोंदी हॉर्टिनेट या छत्राखाली आल्या आणि नोंदणीचा अर्ज मोबाइल ॲपवरूनही करता येऊ लागला. प्रत्येक पिकाला हाच साचा जसाच्या तसा बसत नाही. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने हापूससह भारतीय आंब्यांवर बंदी घातली, ती फळमाशीमुळे. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. द्राक्षाची अडचण रसायनाच्या अवशेषाची, म्हणून तिथे नमुना आणि प्रयोगशाळा पुरतात. आंब्याची अडचण जिवंत किडीची. त्यामुळे आंब्यासाठीच्या मँगोनेटमध्ये बागेची नोंदणी असली, तरी तेवढ्यावर भागत नाही : आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया मान्यताप्राप्त केंद्रात व्हावी लागते, आणि युरोपच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रासाठी त्या प्रक्रियेची नोंद दाखवावी लागते.