पॅकेज-प्रतिबंध (लिनक्स)

लिनक्स संगणकावरून काढलेले सॉफ्टवेअर पॅकेज पुढच्या अपडेटच्या वेळी आपोआप परत बसू नये म्हणून केलेली तजवीज. वापरणाऱ्यांच्या तोंडी ‘होल्ड करणे’, ‘पिन करणे’, ‘लॉक लावणे’ असे शब्द आहेत. मराठवाड्याच्या काळ्या रानात कुंदा वरून कापला तरी जमिनीतल्या काशांतून पुन्हा फुटतो. नुसत्या ‘रिमूव्ह’चेही तसेच होते.

डेबियन परंपरेत (डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबंटू, मिंट या लिनक्स प्रणालींत) एक पॅकेज दुसऱ्याशी मुख्यतः तीन प्रकारे जोडलेले असते : डिपेंड्स (अनिवार्य), रेकमेंड्स (शिफारस) आणि सजेस्ट्स (सूचना). डेबियनच्या लेनी (२००९) या आवृत्तीपासून एपीटी (पॅकेजे उतरवून बसवणारे साधन) शिफारस केलेली पॅकेजेही आपणहून बसवते. नकोशी पॅकेजे बहुधा याच वाटेने परततात.

उपायांबाबत मतभेद आहेत. ‘एपीटी-मार्क होल्ड’ पुरेसे आहे, असे काही जण मानतात. मात्र ती खूण मुख्यतः आहे ती आवृत्ती गोठवण्यासाठी असल्याने ऋण अग्रक्रमाचा पिन (पॅकेजला शून्याखालचा अंक देणारी नोंद) अधिक ग्राह्य वाटतो. ही पद्धत साधारणपणे डेबियनच्या वुडी (२००२) आवृत्तीच्या सुमारास रूढ झाली असावी. एपीटी प्रत्येक आवृत्तीला अंक देते : बसलेल्या आवृत्तीला १००, नेहमीच्या भांडारातील आवृत्तीला ५००, ठरवून दिलेल्या रिलीजला ९९०. अंक शून्याखाली गेला की ती आवृत्ती बसवलीच जात नाही. लिनक्स मिंट २० (२०२०) ने स्नॅपडीला (‘स्नॅप’ प्रकारची पॅकेजे बसवणारी सेवा) अशाच उणे १० च्या पिनने अडवले; उबंटूत क्रोमियम ब्राउझरचे नेहमीचे पॅकेज बसवले की स्नॅपडी पाठोपाठ येत असे, हे त्यामागचे कारण. पिनची फाइल ‘प्रेफरन्सेस.डी’ फोल्डरात ठेवतात. तिला ‘.प्रेफ’ हे शेपूट असावे किंवा कोणतेच नसावे, ‘.टीएक्सटी’ राहिले तर एपीटी ती वाचत नाही. ही चूक फार होते. डीपीकेजी या एपीटीखालच्या साधनाने थेट बसवलेल्या फाइलला मात्र पिनचा अटकाव नाही.

अडवलेले पॅकेज दुसऱ्या कशाला अनिवार्य असेल, तर ते दुसरेही बसत नाही. तेव्हा ‘इक्विव्ज’ या साधनाने त्याच नावाचे पोकळ पॅकेज तयार करतात.

इतर लिनक्स प्रणालींपैकी फेडोरात डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या ‘एक्स्क्लूडपीकेजीज’ने, ओपनसूसेत तशाच झिपर या साधनाच्या लॉकने हेच साधते. आर्चमधील ‘इग्नोरपीकेजी’ अपडेटपुरतेच आहे.

तालुक्याच्या गावी एकाच मोबाइल हॉटस्पॉटवर संगणक कक्षातील सगळी यंत्रे अपडेट करायची असतील, तर नको ते पॅकेज प्रत्येक यंत्रावर पुन्हा उतरते आणि दिवसाचा डेटा त्यातच जातो. एका यंत्रावर तयार केलेली पिनची फाइल पेनड्राइव्हने बाकीच्यांवर नेता येते. नंतर ‘एपीटी पॉलिसी’ ही आज्ञा त्या पॅकेजच्या नावासह चालवून पाहावी. ‘कँडिडेट’पुढे ‘नन’ दिसले की पिन लागला.